धागा: जुन्या 19 फुटी स्पीडबोटीला सेकंडहँड आउटबोर्ड, दोन 75 की एक 150?

रेतीबंदर

नमस्कार मंडळी. बोट 19 फुटी, डीप-व्ही (तळ व्ही आकाराचा, खोल), फायबरची, नव्वदच्या दशकात बाहेरून आलेली. सध्या मढला एका शेडमध्ये ट्रेलरवर उभी आहे. मूळचं 115 एचपीचं व्ही-4 टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन) गंजून जाम झालंय, त्यात आता पैसे घालण्यात अर्थ नाही. आतल्या प्लेटवर जास्तीत जास्त 150 एचपी असं छापलंय. बजेट सहा लाख, आणि त्यात इंजिन, स्टीअरिंग, वायरिंग, मजुरी सगळं आलं.

दोन पर्याय समोर आहेत. एक म्हणजे मर्क्युरीची 75 ची फोर-स्ट्रोक जोडी, 20 इंची शाफ्ट (म्हणजे इंजिनाच्या खाली उतरणाऱ्या पायाची लांबी). दुसरा म्हणजे त्याच कंपनीचं एकच 150, तीन लिटरचं, 25 इंची शाफ्ट. बोटीची मागची फळी, जिला इंजिन टांगतात ती, मधोमध तळापासून काठापर्यंत मोजली तर 25 इंच भरते. माझं मन जोडीकडे ओढतंय. किहीम, मुरूडपर्यंत जायचं आहे, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येईल. शिवाय दोन पंखे (प्रोपेलर) म्हटल्यावर बोट जागेवर वळते. पण 20 इंची शाफ्ट 25 इंची फळीला चालेल का? विकणारा म्हणतो चालेल, मला खात्री वाटत नाही.

पंचवीस_नॉट

जोडीच घ्या. मुरूडच्या पुढे गेलात की मदतीला कोण येणार? समुद्रात एक इंजिन म्हणजे अर्धं इंजिन, असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात. वेग दोन नॉट कमी मिळाला तरी चालेल, घरी पोचणं महत्त्वाचं.

खाडीकाठची

शाफ्टबद्दल विकणारा खरं बोलतोय, पण कारण समजून घ्या, नाहीतर बसवताना घोळ होईल.

जोडी बसवताना दोन इंजिनांच्या मध्यांत साधारण 26 इंच ठेवतात, म्हणजे प्रत्येक इंजिन मधल्या रेषेपासून 13 इंच बाजूला. तुमची बोट डीप-व्ही आहे. तळाचा उतार मागच्या फळीपाशी 20 अंश धरला तर 13 इंच बाजूला गेल्यावर तळ जवळपास पावणेपाच इंच वर आलेला असतो. तिथून फळीच्या काठापर्यंत मोजलंत तर 25 नाही, 20 च्या आसपास भरेल. म्हणून मधोमध 25 इंची असलेल्या फळीवर 20 इंची जोडी व्यवस्थित बसते. उलट एकच इंजिन मधोमध लावायचं तर 25 चीच शाफ्ट हवी. तुमच्या बोटीला दोन्ही पर्याय बसतात. उतार मात्र स्वतः मोजा. फळीच्या तळाशी कोनमापक लावला की दोन मिनिटांचं काम आहे.

आता वजन. त्या 75 चं वजन एकेकी 163 किलो, म्हणजे जोडी 326. तीन लिटरचं 150 सुरू होतं 206 किलोला, लांब शाफ्टचं थोडं जास्त. म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी अगदी मागच्या काठावर शंभराहून जास्त किलो वाढतात. तुमची बोट टू-स्ट्रोकच्या काळात आखलेली आहे. उभी असताना मागचा भाग बसेल, पाणी निघायची भोकं पाण्याखाली जातील, आणि प्लेनवर यायला, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून धावायला लागेपर्यंत, नाळ (बोटीचं पुढचं टोक) खूप वेळ आभाळाकडे राहील. भरीस भर पाण्यात एकाऐवजी दोन लोअर युनिटचा (इंजिनाचा गिअर आणि पंखा असलेला खालचा भाग) अडथळा.

75 ची ती जोडी त्याच 2.1 लिटरच्या ब्लॉकवर आहे ज्यावर 115 निघतं. वजन 115 चं आणि ताकद 75 ची, हा सौदा लहान बोटीला परवडत नाही. जोडीच हवी असेल तर हलकी इंजिनं शोधा. यामाहाचं एफ-70 साधारण 120 किलोचं आहे. तशी दोन मिळाली तर गोष्ट वेगळी.

नाखवा_वर्सोवा

ताई वजनाचं बोलल्या, मी घरी येण्याचं बोलतो. जोडीतलं एक बंद पडलं तर उरलेल्या एकावर ही बोट प्लेनवर येणार नाही. पंखे दोन इंजिनांच्या हिशोबाने निवडलेले असतात, एकट्याला ते ओढवत नाहीत. पाच-सहा नॉटने रांगत याल. आलात म्हणजे आलात, ते चांगलंच आहे, पण तेवढं काम 9.9 चं लहान आउटबोर्डही करतं.

आणि दुसरी गोष्ट. मुंबईच्या पाण्यात इंजिन बंद पडतं ते कशाने? टाकीत पाणी, फिल्टरमध्ये कचरा, पंख्यात जाळं, थंड पाण्याच्या वाटेवर प्लास्टिकची पिशवी. टाकी एकच असेल आणि पेट्रोल खराब असेल तर दोन्ही इंजिनं पाच मिनिटांच्या अंतराने बसतात. मग जोडी असून काय उपयोग? लहान इंजिनाला स्वतःची वेगळी टाकी, वेगळी नळी, वेगळं पेट्रोल द्या. तो खरा दुसरा आधार.

पंचवीस_नॉट

नाखवा, टाकीचा मुद्दा मान्य. पण जोडीलाही दोन टाक्या करता येतात. आणि 9.9 ने भर ओहोटीत रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी काय होणार? माझं मत जोडीलाच आहे, फक्त हलकी जोडी.

टॉर्करेंच

आउटबोर्डचंच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दोन की एक हे नंतर ठरवा. आधी जी समोर आहेत ती जिवंत आहेत का ते बघा. सहा लाखांत चुकीचं इंजिन घेतलं तर परत घ्यायला पैसे उरत नाहीत.

विकणाऱ्याला फोनवरच सांगा की मी येण्याआधी इंजिन चालू करू नका. थंड इंजिन किती सेल्फला धरतं, धूर कसा येतो, हे पहिल्या मिनिटालाच कळतं. कव्हर काढलं की सिलिंडर हेडच्या आसपासचा रंग बघा. तिथे रंग करपलेला किंवा फुगलेला असेल तर इंजिन कधीतरी तापलंय. सगळंच नव्याने रंगवलेलं असेल तर कशासाठी रंगवलं ते विचारा.

गिअर ऑइल. इंजिन रात्रभर उभं राहिलेलं हवं. लोअर युनिटचा खालचा स्क्रू अगदी थोडा सैल करा, वरचा उघडू नका. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं, म्हणून आत पाणी असेल तर पहिले चार थेंब पाण्याचे येतात. ते तळहातावर घ्या. मग तेल येऊ द्या. स्वच्छ असेल तर ठीक, ताकासारखं पांढरट असेल तर सील गेलंय. स्क्रूच्या टोकाच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असतो, तो चालतो. बोटांना टोचणारे तुकडे लागले तर गिअर संपलेत, सौदा तिथेच थांबवा.

पंख्याचा शाफ्ट. पंखा काढा, न्यूट्रलला टाका, शाफ्टच्या टोकाजवळ पेन्सिल टेकवून धरा आणि हाताने फिरवा. पेन्सिल आणि शाफ्टमधली फट पूर्ण फेरीत सारखी राहिली पाहिजे. कमीजास्त झाली तर शाफ्ट वाकलाय, म्हणजे कुठल्यातरी खडकाला लागलाय. खालच्या फिनवर वेल्डिंगच्या खुणा बघा.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम करून घ्या, सगळे प्लग काढा, इग्निशन बंद राहील अशी व्यवस्था करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि प्रत्येक सिलिंडरला तेवढेच फेरे द्या. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांत फरक किती याकडे लक्ष द्या. दहा टक्क्यांच्या आत असेल तर चांगलं. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर शेवटचे आकडे उगाच कमी दिसतात. डिपस्टिकही ओढून बघा. तेल वाढलेलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ते थंड इंजिनावर खूप वेळ संथ चालवलंय.

फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला लॅपटॉप किंवा स्कॅनर लावता येतो. एकूण तास कळतात, कुठल्या आरपीएमला किती तास चाललं ते कळतं आणि जुने अलार्म दिसतात. दुसऱ्या मेकॅनिकला पैसे देऊन न्यावा लागला तरी न्या. विकणाऱ्याचा मेकॅनिक नको.

मांडवाकर

वाचनखूण साठवली. एक विचारायचं होतं, एव्हिनरूडचं ई-टेक स्वस्तात मिळतंय, त्याचा विचार करावा का?

टॉर्करेंच

इंजिन म्हणून छान, टू-स्ट्रोक असून पेट्रोल कमी पितं. पण ते बनवणाऱ्या बीआरपी कंपनीने मे 2020 मध्ये एव्हिनरूडचं उत्पादन बंद केलं. आज इथे इंजेक्टर किंवा कॉम्प्युटर गेला तर बाहेरून मागवून वाट बघत बसावं लागेल. बजेट तंग असलेल्या माणसाने घेऊ नये.

रेतीबंदर

दोन्ही ठिकाणी जाऊन आलो. जोडीतल्या एकाचं कॉम्प्रेशन बरोबर, पण गिअर ऑइल अगदी तुम्ही म्हणालात तसं ताकासारखं. दुसऱ्याच्या ब्रॅकेटवरची नंबरची पट्टीच नाही, रिव्हेटची भोकं तेवढी आहेत. विचारलं तर म्हणाला गंजून पडली. 150 च्या चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन 185 ते 192 च्या मध्ये, गिअर ऑइल स्वच्छ, स्कॅनरवर सुमारे 900 तास, बहुतेक मधल्या आरपीएमला. कव्हर एका बाजूने तडकलंय, ट्रिम (इंजिन वर-खाली कलवणारी यंत्रणा) हळू चालतो.

खाडीकाठची

नंबर नसलेलं इंजिन फुकट दिलं तरी घेऊ नका. 26/11 चे हल्लेखोर कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत ज्या रबरी बोटीने उतरले तिच्यावर आउटबोर्डच होतं, आणि तपासात त्या इंजिनाचाही माग काढला गेला. तेव्हापासून मुंबईच्या किनाऱ्यावर बोटीचे कागद आणि इंजिन नंबर ही साधी गोष्ट राहिलेली नाही. इंजिन बदललं की नोंदणीत नवा नंबर चढवून घ्यावा लागतो आणि विमाही त्यावरच चालतो. विकणाऱ्याकडून मूळ बिलाची प्रत आणि विक्रीचा कागद घ्या. सर्व्हेअरला इंजिन बसवायच्या आधीच भेटा.

प्लेटवर 150 आहे, तुम्ही 150 च लावताय, हे बरं केलंत. 115 वरून 150 म्हणजे ताकद तीस टक्के वाढली, पण वेग साधारण ताकदीच्या वर्गमुळाने वाढतो, तेव्हा मिळेल चौदा टक्क्यांच्या आसपास. 200 लावून वेगात फार मोठी उडी मिळत नाही, मात्र फळीवरचा ताण नक्की वाढतो.

फळी तपासलीत का?

रेतीबंदर

वरून तरी चांगली दिसते. जेलकोटला (फायबरचा वरचा गुळगुळीत थर) जुन्या बोल्टांपाशी केसासारख्या चिरा आहेत.

टॉर्करेंच

त्या चिरांमधून वीस-पंचवीस वर्षं पाणी आत जातंय. जुनं इंजिन अजून टांगलेलं असेल तर लोअर युनिटवर अंगाचं वजन टाकून खाली-वर हलवा आणि फळीकडे बघा. वरचा काठ हलताना दिसला तर आतलं लाकूड गेलंय. मग प्लास्टिकच्या हातोडीने सगळीकडे ठोका. सुक्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द येतो. शंका राहिली तर आतल्या बाजूने, तळाजवळ, सहा मिलिमीटरचं भोक पाडा. बाहेरून नको.

रेतीबंदर

भोक पाडलं. वरच्या भागातून पिवळसर कोरडा भुसा आला. खालच्या भोकातून काळा, ओला, चिमटीत पिळला तर पाणी सुटतंय. वास पावसाळ्यात भिजलेल्या गोणपाटासारखा. म्हणजे फळी बदलायची.

नाखवा_वर्सोवा

वाईट वाटलं भाऊ, पण शेडमध्ये कळलं ते बरं झालं. दोनशे किलोचं इंजिन आणि 150 ची ढकल अशा फळीवर, लाट बसली की सगळं मागे उघडतं.

आता घाईने जूनच्या आत उरकायचं असं करू नका, पण लॅमिनेशन (फळीवर रेझिन आणि कापडाचे थर देणं) मात्र जूनच्या आत झालंच पाहिजे. पावसात हवा एवढी ओली असते की रेझिन नीट बसत नाही. वायरिंग, स्टीअरिंग, रंग ही कामं मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत निवांत करा. तेव्हा आमच्याही बोटी वरच असतात, मेकॅनिकही मोकळे सापडतात.

खाडीकाठची

नाखवांशी पूर्ण सहमत. फळीचं काम असं करा.

फळीची आतली फायबरची कातडी कापून काढा, बाहेरची तशीच ठेवा, म्हणजे बोटीचा आकार हलत नाही. कुजलेलं लाकूड पूर्ण निघालं पाहिजे, अगदी कोपऱ्यांतलं आणि स्ट्रिंगर (तळातले लांब आडे) जिथे फळीला भेटतात तिथलंही. नवीन प्लाय आयएस 710 (मरीन प्लाय) शिक्क्याचाच, दोन-तीन थर चिकटवून मूळ जाडी गाठा. जुन्या फायबरवर नवीन थर द्यायचा असल्याने पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी घ्या, पकड जास्त येते. इपॉक्सीबरोबर नेहमीची चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक्या धाग्यांची चटई) मात्र वापरू नका. तिच्यातला बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, मग मॅट कडक राहते आणि आत हवा अडकते. शिवलेलं बायअ‍ॅक्सियल कापड घ्या. एप्रिलच्या उकाड्यात इपॉक्सी डब्यात फार लवकर गरम होऊन घट्ट होतं, तेव्हा थोडं थोडं मिसळा आणि उथळ ट्रेमध्ये पसरून ठेवा. सकाळी लवकर काम करा.

इंजिनाच्या बोल्टांसाठी भोकं पाडताना आधी मोठं भोक पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातून नेमक्या मापाचं भोक पाडा. मग बोल्टशी पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचणार नाही. बोल्ट 316 स्टीलचे, आतून रुंद प्लेट, आणि सीलंट भरपूर.

पंचवीस_नॉट

फळीवरच एवढा खर्च होणार असेल तर जोडीचा हट्ट मी सोडतो. एक चांगलं 150 आणि पक्की फळी. मात्र 9.9 नंतर नक्की घ्या, वेगळ्या टाकीसकट.

टॉर्करेंच

आणि पेट्रोलकडे लक्ष द्या. पंपावर आता ई-20 आहे, म्हणजे वीस टक्के एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या जास्तीत जास्त दहा टक्के एथेनॉलला मान्यता देतात. एथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी आणि एथेनॉल एकत्र खाली बसतात. इंजिनाची नळी नेमकी तळातून ओढते. एथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळालं तर तेच भरा. नाहीतर टाकी आठवडेच्या आठवडे भरून ठेवू नका, लागेल तेवढंच आणा. जुन्या नळ्या, प्रायमर बल्ब (पेट्रोल हाताने दाबून चढवायचा रबरी फुगा) सगळं नवीन. दहा मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर, खाली पारदर्शक वाटी असलेला. टाकी जुनी फायबरची असेल तर एथेनॉल तिचं रेझिन विरघळवून इंजिनात नेऊन चिकटवतं, तेव्हा ती आधी तपासा.

इंपेलर (थंड पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक) आणि थर्मोस्टॅट न बघता बदला. आपल्या बंदरातला गाळ इंपेलरच्या पाती खातो.

रेतीबंदर

अपडेट. फळी झाली, इंजिन बसलं, टाकी अ‍ॅल्युमिनियमची होती, ती धुऊन घेतली. नोंदणीत इंजिन नंबर बदलण्याचा अर्ज दिलाय. पैसे सहा लाखांच्या थोडे वर गेले, फळीमुळे. हायड्रॉलिक स्टीअरिंग सेकंडहँड घेतलं, सील नवीन टाकून. आता पाण्यात उतरवायची. गेटवेसमोर मोकळं पाणी आहे, तिथे ट्रायल घ्यावी का?

नाखवा_वर्सोवा

नाही. कृपा करून तिथे नको. 18 डिसेंबर 2024 ला नौदलाच्या स्पीडबोटीची इंजिन ट्रायल चालू होती, ताबा सुटला आणि ती एलिफंटाला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली. किती घरं उद्ध्वस्त झाली. ती चालवणारी माणसं शिकलेली होती. नवीन बसवलेलं इंजिन, नवीन जोडलेलं स्टीअरिंग, नवीन केबल, यातलं काय कधी अडकेल हे कोणीच सांगू शकत नाही. प्रवासी फेऱ्यांच्या वाटेवर, नांगरलेल्या जहाजांमध्ये ट्रायल घ्यायचीच नाही.

मढच्या बाहेर, जाळी नाहीत अशी जागा वस्तीत विचारून घ्या. भांगाच्या दिवशी (भरती-ओहोटी लहान असते तेव्हा) जा, उधाणाला नको, ओढ कमी असते. सकाळी वारा उठायच्या आत. जवळ दुसरी बोट ठेवा. किल कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) चालवणाऱ्याच्या पायाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी, आणि ती ओढल्यावर इंजिन खरंच बंद होतं का हे धक्क्यालाच बघा. धक्क्याला बांधूनच स्टीअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा, इंजिन वर-खाली करून फिरवा, कुठली नळी किंवा केबल ताणते का ते बघा. पहिला पूर्ण थ्रॉटल रिकाम्या पाण्याकडे तोंड करूनच.

खाडीकाठची

नाखवांनी लिहिलेलं प्रत्येक वाक्य पाळा. लाइफ जॅकेट घातलेलं हवं, बाकाखाली ठेवलेलं नको.

रेतीबंदर

काल सकाळी ट्रायल झाली, सोबत वस्तीतली एक बोट होती. नाखवा, किल कॉर्डचा स्विच धक्क्यालाच अडकत होता, तो बदलूनच बाहेर पडलो. तुमचे आभार मानावे तेवढे कमी.

बोट प्लेनवर सुंदर येते. पण इंजिनाबरोबर आलेला 19 पिचचा (एका फेरीत 19 इंच पुढे सरकण्याच्या हिशोबाचा) पंखा लावलाय, चार माणसं आणि अर्धी टाकी असताना पूर्ण थ्रॉटलला 5200 च्या पुढे जात नाही. जीपीएसवर 36 नॉट. तापमान ठीक, थंड पाण्याची धार जोरात. असंच ठेवू का?

टॉर्करेंच

हिशोब करून बघू. या इंजिनाचा गिअर रेशो 1.92. 5200 भागिले 1.92, गुणिले 19, भागिले 1215 (मिनिटाला इंच याचे नॉट करायला), म्हणजे स्लिप (पंखा पाण्यात घसरणं) नसती तर 42 नॉटच्या थोडं वर. मिळाले 36, म्हणजे स्लिप पंधरा टक्के. या प्रकारच्या तळाला थोडी जास्त आहे, इंजिन अजून खाली बसलेलं असू शकतं किंवा पंख्याच्या कडा झिजल्यात.

या इंजिनाची पूर्ण थ्रॉटलची मर्यादा 5000 ते 5800. तुम्ही खालच्या टोकाला आहात. चार माणसं आणखी सामानासकट मुरूडला निघालात की 5000 च्या खाली याल, आणि इंजिन रोज दम कोंडून चालेल. पिच एक इंच कमी केला की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. 17 चा पंखा लावा, 5500-5600 मिळायला हवेत. सर्वोच्च वेग जवळपास तोच राहील किंवा एखाद नॉट कमी होईल, पण बोट लवकर उठेल आणि इंजिन मोकळं चालेल.

अ‍ॅल्युमिनियमचाच घ्या, स्टीलचा सध्या नको. आपल्याकडे पाण्यात ओंडके फार, अ‍ॅल्युमिनियमची पाती वाकते आणि गिअर वाचतो. 19 चा दुरुस्त करून बोटीत जादा म्हणून ठेवा, सोबत पंख्याचा नट, पिन आणि त्या मापाचा पाना. आणि अँटी-व्हेंटिलेशन प्लेटचा (पंख्याच्या वरची आडवी पट्टी) फोटो टाका, प्लेनवर असताना मागून कोणीतरी काढलेला. ती तळाच्या रेषेच्या खाली दिसली तर इंजिन एक भोक वर घेऊ.

रेतीबंदर

17 चा सांगून ठेवलाय. फोटो रविवारी काढतो, वस्तीतली तीच बोट येणार आहे.